अनुभव आला, पुढे काय?

आजचा विषय आमच्याकडे कर्जाच्या अर्जातून आला.

आम्ही जासईच्या बायका. महिन्याच्या दहा तारखेला आमच्या बचत गटाची बैठक असते. दोनशे रुपये बचत, मग जुन्या कर्जाचे हप्ते, मग नवे अर्ज. पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या एका बैठकीत आमच्या एका वहिनींनी पंचवीस हजार मागितले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘औषधोपचार’. औषधोपचाराला आम्ही कधी नाही म्हणत नाही. सचिवताईंनी सवयीने विचारलं, दवाखाना कोणता? वहिनी म्हणाल्या, दवाखाना नाही. कर्जतच्या बाजूला एक फार्महाऊस आहे, तिथे शनिवार-रविवार शिबिर असतं. मशरूम खायला देतात. रात्रभरात मनात साठलेलं सगळं वर येतं, माणूस रडून मोकळा होतो आणि सकाळी नवा होऊन उठतो. त्यांच्या भाच्याने फोनवर व्हिडिओ दाखवले होते.

खोलीत कुणी बोलेना. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, “अळंबी त आपण दरसाल खातो गो, आपल्याला कदी काय झालाय?” सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या, पण डोळ्यांतून पाणी आलं.

वहिनींचा थोरला मुलगा तीन वर्षांपूर्वी करळ फाट्याच्या पुढे मोटारसायकलवरून जाताना कंटेनरखाली गेला. कामावरून परत येत होता. तेव्हापासून वहिनी जेवतात, भांडी घासतात, बैठकीला येतात, पण असतात कुठे ते कळत नाही. दोन वर्षं उदासीच्या गोळ्या चालू होत्या. दोनदा गोळी बदलून झाली. फरक थोडा, तोही टिकत नव्हता. अशा बाईला कुणी एका रात्रीत बरं करतो म्हटलं तर ती पंचवीस हजार काय, मंगळसूत्रही गहाण टाकील.

आम्हाला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. नाही म्हटलं तर तिच्या हातातली शेवटची काडी काढून घेतल्यासारखं होतं. हो म्हणावं आणि काही बरंवाईट झालं, तर गटाच्या वहीत सह्या आमच्या. शेवटी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. आम्ही पाचजणी आरोग्याचा हा रेडिओ कार्यक्रम करतो, म्हणून चौकशीचं काम आमच्याकडे आलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटलो, एका समुपदेशक ताईंना दोनदा बोलावलं, वाचता येईल तेवढं वाचलं. ते आज सांगतो.

आधी अळंबीचं. पहिल्या पावसानंतर कातकरी बाया पनवेलच्या बाजारात पानात बांधून अळंबी आणतात, ती आपली नेहमीची, कालवणाची. भाचा म्हणत होता ती वेगळ्या जातीची. त्यात सिलोसायबिन नावाचा पदार्थ असतो, तो मेंदूवर काम करतो. आणि दिसायला साध्यासुध्या अळंबीसारख्या काही जाती अशा विषारी असतात की यकृत निकामी होतं. फोनवरचा फोटो बघून रानातलं मशरूम ओळखायच्या भानगडीत कुणी पडू नये.

या पदार्थांना ‘सायकेडेलिक’ म्हणतात. हम्फ्री ऑसमंड नावाच्या डॉक्टरांनी १९५७ साली हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दांवरून अर्थ होतो, मन उघडं करून दाखवणारं. दारू मनावर झाकण घालते, अफू गुंगी आणते. यांचं काम निराळं. माणूस जागा असतो, पण रंग, आवाज, वेळ, आठवणी, ‘मी’ म्हणजे कोण हे सगळं काही तास बदलून जातं. कुणाला फार सुंदर दिसतं, कुणाला फार भयानक, बऱ्याचदा एकाच माणसाला दोन्ही.

स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरात आल्बर्ट हॉफमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली एलएसडी तयार केलं. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याचा थोडा अंश चुकून त्याच्या शरीरात गेला आणि त्याला ते काय आहे ते कळलं. पण मशरूमची विद्या त्याहून कितीतरी जुनी, आणि ती एका खेड्यातल्या बाईमुळे जगाला कळली. तिची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात, डोंगरातल्या ऊआउत्ला गावात मारिया साबिना नावाची वैदू बाई होती. गरीब, शाळा न शिकलेली. गावात कुणी आजारी पडलं की ती रात्रभर जागर घालायची, मशरूम खायची, गाणी म्हणायची. १९५५ साली गॉर्डन वॉसन नावाचा अमेरिकन बँकवाला तिच्या जागराला बसला आणि १९५७ साली त्याने एका मोठ्या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. मग त्या डोंगरात शहरी तरुणांची रीघ लागली. पोलीस आले, गावकरी तिच्यावर उलटले, तिचं घर जाळलं. १९८५ साली ती गरिबीतच वारली.

समुपदेशक ताईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या डोक्यात एक वेगळीच गोष्ट बसली. मारिया साबिनाकडे येणारं आजारी माणूस त्याच गावचं असायचं. जागर संपला की ते तिच्याच शेजारी राहायचं, तिला रोज वाटेत भेटायचं. फार्महाऊसवाला सोमवारी कुठे असतो?

आता यात डॉक्टरांना काय रस आहे, ते. आमच्या गावात मनाची जखम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले होते. पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. दरवर्षी त्यांना मानवंदना होते, दि. बा. पाटील साहेबांचं नाव निघतं. त्या अळंबीवाल्या आजी तेव्हा पंचविशीच्या होत्या, गर्दीत होत्या. आजही लग्नात फटाक्यांची माळ लागली की त्या पदर तोंडाशी धरून घरात जातात. चाळीस वर्षं झाली हे त्यांना कळतं, त्यांच्या छातीला कळत नाही. याला डॉक्टर आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. आठवण जुनी होत नाही, दर वेळी आताच घडल्यासारखी येते.

अशा आजारात आणि हट्टी उदासीत माणसाचं मन एकाच चाकोरीत फिरत राहतं. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी पडलेली खाच, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की ही औषधं मेंदूत सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या जागेवर जाऊन बसतात आणि काही काळ ती खाच मऊ करतात, पावसाने वाट मऊ व्हावी तशी. एमडीएमए नावाचं आणखी एक औषध आहे, त्याने भीती कमी होते आणि एरवी बघवत नाही अशा आठवणीकडे माणूस बघू शकतो. पण वाट मऊ झाली म्हणजे नवी वाट पडली असं नाही. त्या दिवसांत गाडी दुसरीकडून हाकली नाही तर ऊन पडतं, चिखल वाळतो आणि चाक पुन्हा जुन्याच खाचेत.

म्हणून खऱ्या उपचारात औषधाचा दिवस हा मधला, लहान भाग असतो. आधी दोन-तीन बैठका होतात. आजार कोणता, घरात कुणाला वेड लागण्याचा आजार होता का, रक्तदाब, हृदय, चालू गोळ्या, पोटात बाळ आहे का, सगळं विचारतात. कुणाला किंवा घरातल्या कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर औषध देतच नाहीत, कारण त्याने तो आजार उसळू शकतो. मग औषधाचा दिवस. शांत खोली, गादी, डोळ्यांवर पट्टी, हलकं संगीत, आणि बहुतेक ठिकाणी दोन प्रशिक्षित माणसं सहा ते आठ तास शेजारी. ती फारसं बोलत नाहीत. घाबरलं तर हात धरायचा की नाही, हेही आधीच विचारून ठेवलेलं असतं. त्यानंतर पुन्हा बैठका. दिसलं ते सांगायचं, त्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध ते शोधायचं आणि रोजच्या दिवसात त्यातलं काय उतरवायचं ते ठरवायचं.

या शेवटच्या भागाला आम्ही आमच्यापुरतं ‘मुरवणं’ म्हणतो. कैरीच्या फोडींना मीठ-मसाला लावला की ते लोणचं झालं असं आपण म्हणत नाही. बरणी रोज हलवावी लागते, फडकं बांधावं लागतं, ओला हात लागू द्यायचा नसतो.

आणि आलेला गुण किती टिकतो, याचा आकडाही आहे. २०२२ साली सिलोसायबिनवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा देशांतले, गोळ्यांनी गुण न आलेले २३३ रुग्ण होते. पंचवीस मिलिग्रॅमचा एक डोस घेतलेल्यांपैकी तीन आठवड्यांनी ३७ टक्के लोकांची उदासी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. हे चांगलंच म्हणायचं. पण बारा आठवड्यांपर्यंत ज्यांचा गुण टिकून राहिला ते होते २० टक्के. भाच्याच्या व्हिडिओत सगळी माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी बोलत होती. बाराव्या आठवड्यातलं कुणीच नव्हतं.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून ठराविक मानसोपचारतज्ज्ञांना हट्टी उदासीसाठी सिलोसायबिन आणि आघाताच्या आजारासाठी एमडीएमए देण्याची परवानगी आहे. अमेरिकेत मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारी औषध खात्याने एमडीएमएच्या उपचाराला मंजुरी नाकारली, आणखी अभ्यास करा म्हणून सांगितलं. त्याच औषधाच्या कॅनडातल्या एका जुन्या चाचणीत उपचार करणाऱ्यांनी एका स्त्री रुग्णाशी गैरवर्तन केल्याचं उघडकीला आलं होतं. आम्ही बायका आहोत, म्हणून हे दोनदा सांगतो. या औषधांखाली माणूस मेणासारखा मऊ होतो, समोरच्यावर पटकन विश्वास टाकतो. डॉक्टरांच्या खोलीत, चाचणी चालू असताना असं घडू शकतं, तर अनोळखी फार्महाऊसवर रात्री काय होईल याचा विचार आधी करा.

आपल्याकडे तर कायदा स्पष्ट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत एलएसडी, एमडीएमए, सिलोसायबिन तिन्ही आहेत. बाळगणं, विकणं, देणं, घेणं सगळा गुन्हा. प्रमाण मोठं असेल तर दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी, आणि एलएसडीचं मोठं प्रमाण म्हणजे ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग. कुणी ‘आयुर्वेदिक आहे’, ‘नैसर्गिक आहे’ म्हणालं तरी यादी बदलत नाही. भाच्याने वहिनींना आणखी एक सांगितलं होतं: शिबिराआधी पंधरा दिवस डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा. हे ऐकून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. उदासीच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर आजार दुपटीने उलटू शकतो, जीव द्यायचे विचार येऊ शकतात. त्या चालू ठेवून वर एमडीएमएसारखं काही घेतलं तर तेही जिवावर बेतू शकतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

भाचा वाईट नाही हो. मावशीवर त्याचा जीव आहे. फोनने त्याला अर्धी गोष्ट सांगितली आणि ती त्याने पूर्ण समजून आणली.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र आम्हाला ठाऊक नव्हती ती सांगितली. याच्या जवळ जाणारं, कायद्यात बसणारं एक औषध आपल्याकडे आहे, केटामाइन. हे भुलीचं औषध. १९६२ पासून माहीत आहे, जगभर लहान दवाखान्यांतही वापरतात. तुमच्यापैकी काहींनी छोट्या ऑपरेशनच्या वेळी घेतलंही असेल. ‘मी वर तरंगत होते आणि खाली डॉक्टर माझंच पोट शिवत होते’ असं सांगणाऱ्या बायका आमच्या गटात दोन आहेत. इतकी वर्षं आम्ही त्यांना थापाड्या समजत होतो. २००० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की भुलीपेक्षा कमी प्रमाणात, सलाइनमधून साधारण चाळीस मिनिटांत हे दिलं तर काही रुग्णांची उदासी काही तासांतच हलकी होते. गोळ्यांना आठवडे लागतात. हा गुण थोड्या दिवसांचा असतो. रक्तदाब वाढतो, मळमळ होते. वारंवार घेतलं तर सवय लागते, मूत्राशय खराब होतं. म्हणून हे तज्ज्ञांच्या हाताखाली, रुग्णालयातच, मोजून.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. फार्महाऊसचं कर्ज नामंजूर. मुंबईतल्या एका रुग्णालयात दाखवण्यासाठी, तपासण्या आणि जाण्यायेण्यासाठी बारा हजार मंजूर. अकरापैकी चारजणींचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, सलाइन काय आणि मशरूम काय, शेवटी नशाच. त्यांचं सगळंच चुकलं होतं असं आम्हाला आजही वाटत नाही.

रुग्णालयात आधी महिनाभर गोळी बदलून पाहिली. मग तीन आठवड्यांत सहा सलाइन ठरले. सकाळी उपाशीपोटी जायचं, सोबत माणूस हवंच, नंतर दोन तास थांबायचं. नेरूळ स्टेशनपर्यंत सोडायला भाचाच यायचा. पहिल्या वेळी वहिनींना नुसती उलटी झाली. दुसऱ्यांदा झोप. तिसऱ्यांदा त्या छताशी जाऊन बसल्या आणि खाली त्यांना स्वतःचं स्वयंपाकघर दिसलं. ओट्यावर मुलाचा डबा, आणि त्यांचाच हात त्याचं झाकण घट्ट लावतोय. लावून झालं तरी लावतोच आहे.

अपघाताच्या दिवशी पोलिसांनी तो डबा परत दिला होता. तीन वर्षं तो न उघडता पत्र्याच्या ट्रंकेत पडून होता. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

समुपदेशक ताईंनी पहिल्यांदा सांगितलं ते असं: याचा अर्थ काय, हे आज कुणीही विचारू नका. दिसलं तसं संध्याकाळच्या आत लिहून ठेवा. मुलीने गटाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं. महिनाभर कोणताही मोठा निर्णय नाही. घर सोडणं नाही, दागिना विकणं नाही, कुणाशी कायमचं तोडणं नाही. झोप वेळेवर. आणि दर आठवड्याला एकच लहान काम ठरवायचं, हाताने करता येईल असं. पहिल्या आठवड्याचं काम ठरलं: डबा ट्रंकेतून काढून फळीवर ठेवायचा. उघडायचा नाही.

ठेवला, तर सासूबाई भडकल्या. मेलेल्या पोराचं सामान स्वयंपाकघरात कशाला म्हणून डबा पुन्हा ट्रंकेत. चौथ्या सलाइननंतर वहिनींची झोपच गेली. रात्र रात्र रडणं. घरातले म्हणाले, सलाइनने बाई बिघडवली. सासूबाई म्हणाल्या, अंगात आलंय. आम्हीही हादरलो, कारण कर्ज आम्ही दिलेलं. एका रात्री अकरा वाजता टेलिमानसला फोन लावला. सरकारची मोफत सेवा आहे ही, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, मराठीतही. नंबर १४४१६, लिहून घ्या. पलीकडच्या ताई वहिनींशी वीस मिनिटं बोलल्या आणि सकाळी पहिलं काम म्हणून डॉक्टरांना कळवायला सांगितलं. डॉक्टरांनी पाचवं सलाइन आठवडाभर पुढे ढकललं. साठलेलं वर येताना काही दिवस त्रास वाढू शकतो, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. तेव्हा आम्ही मान डोलावली होती. ऐकणं वेगळं, रात्री अकराला बघणं वेगळं.

‘अंगात येणं’ यावरून आमच्यात बरीच चर्चा झाली. आपल्याकडे बाईच्या अंगात येतं, ती घुमते, एरवी बोलू शकणार नाही असं बोलून जाते. मग पाणी देतात, कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशी ती शेतावर. काल काय बोललीस, ते आता कसं निस्तरायचं, हे तिला कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्या रात्रीला नावं ठेवायची आमची इच्छा नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याजवळ कुणी बसत असतं, तर कदाचित निम्म्या जणींना पुन्हा घुमावं लागलं नसतं, असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं पडलं.

मग आम्ही पाळी लावली. मुलगा कामावरून यायचा तो वेळ, संध्याकाळी पाच ते सहा, रोज एकीने वहिनींकडे जायचं. जाताना काहीतरी काम न्यायचं. वाल सोलायचे, सुकट निवडायची. नियम दोन. उपदेश नाही, आणि बोललीच पाहिजे असा आग्रह नाही. उपदेश न करणं किती अवघड असतं ते आम्हाला तेव्हा कळलं. ‘देवाच्या मनात असतं’ हे वाक्य जिभेवर येऊन गिळावं लागायचं.

आमच्याकडूनही एक चूक झाली. आमच्यातली एक नळावर बोलून गेली की वहिनींना सलाइनमध्ये पोरगा दिसतो. दोन दिवसांत तीन बाया दारात, आम्हालाही न्या म्हणून. एकीला गेलेला नवरा बघायचा होता. तिला नाही म्हणताना आमचा कंठ दाटला. तेव्हापासून तिसरा नियम झाला: घरात ऐकलेलं उंबऱ्याबाहेर नाही. आज हे रेडिओवर सांगतोय ते वहिनींच्या परवानगीने, नाव न घेता.

पाचव्या-सहाव्या सलाइनमध्ये विशेष काही दिसलं नाही. डबा मात्र पुन्हा फळीवर आला. नवऱ्याने ठेवला, न सांगता. आणि एक दिवस दुपारी, वहिनी रेशनला गेलेल्या असताना, सासूबाईंनीच तो उघडला. आत काय उरलं असणार. त्यांनी तो चिंचेने घासला, उन्हात ठेवला आणि उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडल्या. तीन वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. वहिनी आल्या, शेजारी बसल्या. त्या संध्याकाळी जिची पाळी होती ती लांबूनच परत फिरली.

रस्त्याचं अजून पूर्ण झालेलं नाही. करळ फाट्यावरून जायला लागू नये म्हणून वहिनी तीन वर्षं उरणला माहेरी गेल्या नव्हत्या. आधी नुसतं बसथांब्यापर्यंत, मग एक थांबा आणि परत, असं करत दिवाळीत त्या भाऊबीजेला पोचल्या. येताना मात्र लोकलने आल्या. डॉक्टर म्हणाले, चालेल. सलाइनचा हलकेपणा दीड महिन्यात ओसरला. पुन्हा द्यायची गरज डॉक्टरांना वाटली नाही. एक गोळी चालू आहे. महिन्यातून एकदा समुपदेशन आहे. वाईट दिवस येतात, आता त्या सांगतात की आज वाईट दिवस आहे.

तुमच्या गावातही असं शिबिर घेऊन कुणी येईल. विचारायचं ते एवढंच: देणारा डॉक्टर आहे का, नोंदणी क्रमांक काय, चालू गोळ्यांचं काय करायचं म्हणतो, खोलीत दुसरी बाई असेल का, रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, आणि तीन आठवड्यांनी तो कुठे भेटेल. आमच्या भाच्याने शेवटचा प्रश्न त्या फार्महाऊसवाल्याला फोन करून विचारला. त्याने पुढच्या शिबिराची तारीख सांगितली. मदतीसाठी १४४१६ आहेच, शिवाय ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या आवाक्यात आहे. नावाला घाबरू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

वहिनींच्या कर्जाचे दोन हप्ते बाकी आहेत. हे लिहून झाल्यावर आम्ही त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. आम्ही डबा तीन पुडांचा लिहिला होता. तो चार पुडांचा होता, सगळ्यात वरच्या पुडात त्याला लोणचं लागायचं.